ईरी सरोवरातले उन्हाळी पर्च आणि वॉलआय: कुठे थांबायचं, कुठे फिरायचं

ईरी सरोवरावर गरवायला निघालेल्या नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: आमिष कोणतं घेऊ? दुकानात भिंतभर टांगलेले रंगीत चमचे, म्हणजे चमच्यासारखी धातूची आमिषं, आणि नकली मासे बघून तो गांगरतो, शंभर-दीडशे डॉलर मोजतो आणि दिवसभर रिकाम्या पाण्यात गळ फिरवतो. मासा पाण्यात पंचवीस फुटांवर असतो, याचं आमिष पंचेचाळीस फुटांवर. खरा प्रश्न खोलीचा आहे. मासा कुठल्या थरात आहे ते कळलं की आमिषाचं काम निम्मं सोपं होतं. ते कळलं नाही, तर सगळ्यात महागडं आमिषही पाण्यात नुसतं भिजतं.

इथे उन्हाळ्यात लोक ज्या दोन माशांसाठी येतात, त्यांच्या सवयी उलट्या आहेत. यलो पर्च तळाशी, थव्याने आणि बऱ्यापैकी एका जागी असतो. वॉलआय मधल्या पाण्यात, विखुरलेला आणि सतत फिरता. म्हणून पर्चसाठी नांगर टाकून थांबायचं आणि वॉलआयसाठी बोट चालती ठेवायची. एकाच सकाळी दोन्ही मारू म्हणणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एकही नीट लागत नाही. निघण्याआधीच ठरवा, आज कोण.

मी ओहायोचा किनारा, म्हणजे पश्चिमेला टोलेडोपासून पूर्वेला कॉनिऑटपर्यंतचा पट्टा, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. क्लीव्हलँडकरांच्या तर दारातच आहे हे सरोवर. कोलंबस, डेट्रॉइट, पिट्सबर्गच्या मराठी मंडळींनाही गाडीने दोन-अडीच तासांत पोचता येतं. टोरोंटोकडच्या वाचकांनी तंत्र जसंच्या तसं घ्यावं, नियम मात्र ऑन्टारिओचे बघावेत. तिकडे वॉलआयला पिकरेल म्हणतात, एवढं लक्षात असलं की दुकानात आणि हॉटेलात गोंधळ होत नाही.

पाणी आधी समजून घ्या

ईरी जवळजवळ ३९० किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९० किलोमीटर रुंद आहे. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ते सगळ्यात उथळ, म्हणून सगळ्यात उबदार, आणि म्हणूनच माशांनी सगळ्यात श्रीमंत. त्याचे तीन भाग पडतात. टोलेडो ते सँडस्कीपर्यंतचा पश्चिम भाग सरासरी २४ फूट खोल. बेटं आणि खडकाळ उंचवटे इथेच आहेत. सँडस्कीपासून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरापर्यंतचा मधला भाग सरासरी ६० फूट खोल, आणि तळ परातीसारखा सपाट. त्यापुढचा पूर्व भाग सगळ्यात खोल, २१० फुटांपर्यंत जातो. आपलं काम पहिल्या दोन भागांशी.

वॉलआय मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेकडच्या खडकांवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतो. मग पाणी तापायला लागलं की मोठे मासे गार पाणी आणि छोट्या मासळीच्या मागे पूर्वेला सरकतात. लहान मासे बऱ्याच संख्येने पश्चिमेतच राहतात. म्हणून जूनमध्ये जिथे बोटींची गर्दी दिसली तिथेच ऑगस्टमध्ये जाऊन उभं राहणं फुकट आहे.

मधल्या भागात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर उबदार पाणी, तळाशी गार पाणी, आणि मधे एक पातळ पट्टा जिथे तापमान झपाट्याने उतरतं. तळाचा गार थर इथे पातळ असतो आणि वरच्या पाण्यात मिसळत नाही. वरून मरून पडलेलं शेवाळ कुजताना त्यातला प्राणवायू संपत जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही ठिकाणी तळाशी मासा टिकूच शकत नाही. सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारं बोटीवरचं यंत्र. त्याच्या पडद्यावर हा पट्टा धूसर आडव्या रेघेसारखा दिसतो. संवेदनशीलता थोडी वाढवली की स्पष्ट होतो. रेघ ५० फुटांवर असेल, तर वॉलआय बहुतेक तिच्या वर मिळेल आणि पर्च किनाऱ्याकडे सरकून, जिथे ती रेघ तळाला टेकते त्या उताराच्या आसपास. उन्हाळी ईरीबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ही ठेवा.

महिन्यांचं गणित

जूनमध्ये वॉलआय पश्चिमेत भरपूर. पोर्ट क्लिंटन, कटाबा, मार्बलहेड इथून निघायचं. डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचं शीतकरण धुराडं आणि पुट-इन-बेचा ३५२ फुटी स्मारकस्तंभ लांबून दिसतात, तेव्हा दिशा चुकण्याचं काम नाही. कॅम्प पेरीच्या समोरचं पाणी मात्र लष्करी गोळीबाराच्या हद्दीत येतं. त्या दिवशी सराव आहे का, ते आधी बघा.

जूनच्या उत्तरार्धात मेफ्लाय नावाचे किडे तळाच्या चिखलातून वर येतात, पंख फुटून किनाऱ्यावर झेपावतात. त्यांचे ढग हवामानाच्या रडारवर दिसतात आणि गावांतल्या दिव्यांखाली खच पडतो. ही सरोवराच्या तब्येतीची खूण म्हणून चांगली, पण गरवणाऱ्याला तापदायक, कारण पोट फुगेस्तोवर किडे खाल्लेला वॉलआय तुमच्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. त्या आठवड्यात चकचकीत चमचे ठेवून द्या आणि गांडुळं हळू फिरवा.

जुलै-ऑगस्टमध्ये मोठा वॉलआय हवा असेल तर लोरेन, क्लीव्हलँड, फेअरपोर्ट, ॲश्टब्यूला. पाणी ६०-७० फूट खोल, किनाऱ्यापासून कधी पाच मैल, कधी पंधरा. याच काळात पश्चिमेला हिरव्या-निळ्या शेवाळाचा तवंग येतो. २०१४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विषामुळे टोलेडोकरांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नव्हतं. तवंग दिसला की तिथून निघा. मुलांना आणि कुत्र्याला त्या पाण्यात हात-पाय घालू देऊ नका.

पर्च वर्षभर असतो, पण खरा रंगतो ऑगस्टच्या मध्यापासून पुढे. सुट्टीचा एकच दिवस असेल आणि बरोबर लहान मुलं असतील, तर डोळे मिटून ऑगस्टअखेरचा पर्च निवडा.

परवाना आणि मर्यादा

ओहायोत १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. सहा महिने सलग राज्यात राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो, त्याला वर्षाचा परवाना स्वस्त पडतो. भारतातून उन्हाळ्यात आलेले आई-बाबा गळ हातात धरणार असतील, तर त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना काढा. नुसते बोटीत बसून थर्मासमधला चहा पिणार असतील तर नको. "दोन मिनिटं माझ्याकडे दे रे" असं बाबा हमखास म्हणतात, म्हणून काढलेला बरा.

किती मासे ठेवायचे, हे दरवर्षी बदलू शकतं. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि ऑन्टारिओ यांची समिती मार्चमध्ये त्या वर्षीचा एकूण वाटा ठरवते. त्यावरून ओहायोची मर्यादा निघते आणि ती १ मेपासून लागू होते. वॉलआय अलीकडे माणशी दिवसाला ६ आणि किमान १५ इंच लांबीचा. पर्चची मर्यादा पट्ट्यापट्ट्याने वेगळी, आणि मधल्या भागात गेली काही वर्षं ती पश्चिमेपेक्षा बरीच कमी आहे. ऐकीव आकड्यावर जाऊ नका, राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं त्या वर्षीचं पत्रक बघा. लांबीची अट असलेला मासा बोटीवर कापायचा नाही. डोकं-शेपटी शाबूत ठेवूनच किनाऱ्यावर आणायचा.

एक सूचना खास आपल्या लोकांसाठी. सरोवराच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते आणि पाण्यावर कुंपण नसतं. पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टारिओचा परवाना हवा. तिथे नांगर टाकला किंवा किनाऱ्याला लागलात तर कॅनडाच्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भारतीय पासपोर्टवर, व्हिसावर राहत असाल तर जीपीएसवरची ती रेघ ओलांडूच नका. दोन मासे जास्त मिळतील म्हणून हे झेंगट कोणी विकत घ्यावं?

बोट कोणाची?

तीन मार्ग आहेत. पहिला, हेडबोट: डोईमागे पैसे, वीस-तीस माणसं, अर्धा दिवस, आणि जवळजवळ नेहमी पर्चसाठी. रॉड भाड्याने मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच घ्यावा. दुसरा, चार्टर: तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान सहा जणांपर्यंत घेऊन जातो. सहा जणांत खर्च वाटला तर परवडतो. साहित्य, परवान्याची आठवण, मासा शोधणं, सगळं त्याच्याकडे. इथला हा तांडेलच. शेवटी १५-२० टक्के टिप देण्याची रीत आहे, ते बजेटमध्ये धरा. विचारताना थेट विचारा: ट्रोलिंग करता, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढता, की वाऱ्यावर बोट सोडून गरवायला देता? पहिल्या प्रकारात रॉड होल्डरमध्ये असतात आणि मासा लागला की तुम्हाला रीळ फिरवायला बोलावतात. दुसऱ्यात दिवसभर हातात काम असतं. काहींना पहिला प्रकार कंटाळवाणा वाटतो. मलाही.

तिसरा मार्ग स्वतःची बोट. १ जानेवारी १९८२ला किंवा नंतर जन्मलेल्याला ओहायोत १० अश्वशक्तीवरचं इंजिन चालवायला नौकाशिक्षणाचा दाखला लागतो.

धक्क्यावरून काही होतं का? भर उन्हाळ्यात फारसं नाही. पहाटे एखादा पर्च, बाकी शीप्सहेड, कॅटफिश, व्हाइट बास. मुलांच्या करमणुकीला ते पुरेसं आहे, ताटाला नाही.

वारा

उथळ पाण्यात लाट लवकर उठते आणि तिच्या पाठोपाठ दुसरी लगेच येते. समुद्रावरच्या लांब, आरामशीर लाटेची सवय असलेल्या माणसाला ईरीची तीन फुटी लाट कमरेत बसते. आदल्या रात्री आणि पहाटे पुन्हा, राष्ट्रीय हवामान सेवेचा किनाऱ्याजवळच्या पाण्याचा अंदाज वाचा. लाट दोन फुटांच्या आत असेल तर मध्यम बोटीने निघा. दोन ते चार म्हटलं असेल तर चारच धरा आणि घरी थांबा. ओहायोच्या किनाऱ्याला दक्षिणेचा वारा सौम्य, कारण तो जमिनीवरून येतो. पण त्यात फसगतही आहे, किनाऱ्याला सपाट दिसणारं पाणी दहा मैल आत उसळत असतं. ईशान्येचा वारा सगळ्यात वाईट, कारण त्याला सरोवराची लांबी मोकळी मिळते. जोराचा पश्चिमी वारा पाणी अक्षरशः बफेलोकडे ढकलतो आणि टोलेडोकडची पातळी काही फुटांनी उतरते, मग सकाळी तरंगलेली बोट दुपारी धक्क्यालगत चिखलात.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. दुपारचा गडगडाट ऐकू आला की रॉड खाली. कार्बनचा लांब रॉड उघड्या पाण्यावर वर धरणं म्हणजे विजेला बोलावणं. तशी हलकी लाट मात्र हवीशी आहे. वॉलआयचे डोळे अंधुक उजेडासाठी बनलेले असतात, बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो. काचेसारखं पाणी आणि डोक्यावर ऊन असेल तर तो खोल जातो. एक फुटाची लाट उजेड मोडते आणि तो खायला येतो.

पर्च: थांबण्याची कला

सोनार चालू ठेवून हळू फिरा. पश्चिमेत २० ते ३५ फूट, मधल्या भागात ३५ ते ६० फूट पाणी. पर्चचा थवा तळाला चिकटलेल्या ढिगासारखा दिसतो, कधी दोन फूट उंच, कधी सहा. वर तरंगणारे ठिपके सोडा, ते दुसरं काहीतरी आहे. बोटींचा घोळका दिसला तर त्याच्या कडेला जा, मधे घुसू नका. थवे बरेच पसरलेले असतात आणि घुसणाऱ्याला शिव्या पडतात, त्याही योग्यच.

थवा दिसला की वाऱ्याच्या बाजूला थोडं पुढे जाऊन नांगर टाका, म्हणजे बोट मागे सरकून थव्यावर येईल. दोर खोलीच्या किमान पाचपट सोडा. बोट वाऱ्याने डावी-उजवीकडे झुलत असेल तर मागूनही एक छोटा नांगर टाका, नाहीतर दर दोन मिनिटांनी तुम्ही थव्यावरून सरकून जाल आणि दोष आमिषाला द्याल.

साहित्य हलकं. साडेसहा-सात फुटांचा मऊ टोकाचा रॉड, ६ ते ८ पौंड ताण सोसणारी दोरी, खाली अर्धा ते एक औंस शिसं, त्याच्या वर फूटभर अंतराने दोन गळ, ४ किंवा ६ नंबरचे. दुकानात तयार मिळतं, क्रॅपी रिग म्हणून मागा. तारेचं पसरट स्प्रेडरही लोक वापरतात. लाट असेल तर शिसं वाढवा.

आमिष म्हणजे एमराल्ड शायनर, बोटाएवढा चंदेरी मासा. उन्हाळ्यात दुकानात कधी कधी मिळत नाही, मग गोल्डन शायनर घ्या. गळ त्याच्या डोळ्यांतून आरपार घालायचा, म्हणजे तो लवकर सुटून येत नाही. जिवंत असलाच पाहिजे असं नाही. मासे जोरात खात असतील तेव्हा अर्धा तुकडाही चालतो. बादलीतलं पाणी तापू देऊ नका, बर्फाची बंद बाटली टाकून ठेवा.

आता हात. शिसं तळाला टेकू द्या. टेकल्याचं कळतं, दोरी सैल पडते. रीळ एक-दोन वळसे फिरवून दोरी ताठ करा, इतकी की शिसं चिखलात उभं राहावं. रॉडचं टोक फूटभर हळूच उचला, परत सोडा आणि स्थिर धरा. पर्च ओढत नाही, टोचतो. मनगटाला दोन बारीक टिचक्या जाणवतात, कधी तेवढंही नाही, टोक नुसतं किंचित जड होतं. त्याच क्षणी मनगटाने सहा इंच उचला, खांद्यापासून झटका देऊ नका. पर्चचं तोंड पातळ असतं, फाटून जातं. लागला असं वाटलं तरी लगेच गुंडाळायची घाई नको. दोन सेकंद तसाच ठेवला तर त्याची धडपड बघून दुसरा मासा दुसऱ्या गळाला येतो. वर आणताना वेग एकसारखा ठेवा, मधे थांबलात की सुटतो.

पंधरा मिनिटांत काही नाही, तर नांगर उचला. हे बोलायला सोपं आणि करायला जीवावर येतं, कारण प्रत्येकाला वाटतं आत्ता येतील. सोनारवर थवा दिसतोय आणि तरी खात नाही असंही होतं. मग तासाभराने त्याच जागी परत या. पर्च दिवसा खातो. सूर्य मावळला की तो तळाशी पडून राहतो आणि गरवणाऱ्याने घरी जावं. पहाटे पाचला धक्क्यावर हजर असण्याचीही गरज नाही.

अधूनमधून व्हाइट पर्च येईल, चंदेरी, पट्टे नसलेला. खाता येतो. तपकिरी, बेडकाच्या तोंडाचा छोटा मासा आला तर तो गोबी, काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पाण्यातून इथे आलेला उपरा. तो जिवंत बाळगायला बंदी आहे. पर्च हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडे तळहात फिरवा, म्हणजे पाठीचे काटे आडवे पडतात. कल्ल्यांच्या झाकणाची कडही कापते.

वॉलआय: फिरण्याची कला

दोन पद्धती. पश्चिमेतल्या उथळ पाण्यात बोट वाऱ्यावर सोडून गरवायचं, मधल्या खोल पाण्यात इंजिनवर ओढत न्यायचं.

वाऱ्यावर सोडताना बोटीची बाजू वाऱ्याला द्या. वेग ताशी एक मैलाच्या आसपास हवा. जास्त झाला तर पाण्यात कापडी पिशवी, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, सोडून आवरा. वाऱ्याच्या दिशेने, बोट जिकडे चालली आहे तिकडे, वजनदार डोक्याचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं आमिष, फेका. ईरी डिअरी हा इथला जुना, परिचित प्रकार. त्याच्या गळावर अर्धं गांडूळ. पाण्यात पडला की मोजायला लागा, तो साधारण सेकंदाला एक फूट बुडतो. पहिल्यांदा दहापर्यंत मोजून ओढा, मग पंधरा, मग वीस. ज्या आकड्यावर मासा लागला तो आकडा बोटीतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा. मोजायचा कंटाळा करणारा दिवसभर रंग बदलत बसतो. ओढताना पातं फिरल्याची थरथर रॉडमध्ये जाणवली पाहिजे, त्याहून जलद नको. बोटीच्या जवळ आल्यावर आमिष झोका घेत वर येतं, त्या वळणावर बरेच मासे घेतात, तेव्हा शेवटची दहा फुटं घाईने गुंडाळू नका.

ओढून न्यायच्या पद्धतीत सुरुवातीला गांडुळाचा हार्नेस सगळ्यात भरवशाचा. एका धाग्यावर मागे-पुढे दोन गळ, त्यापुढे मणी, त्यापुढे फिरणारं पितळी किंवा रंगीत पातं. लावायची रीत नीट पाळा. गांडुळाचं डोकं पुढच्या गळात जेमतेम ओवा. मग ते सैलसर लांब करून मागचा गळ अंगाच्या मध्यापुढे घाला. सरळ राहिलं पाहिजे. वेटोळं झालं तर ते पाण्यात गोल गोल फिरतं, धागा पिळतो आणि मासा हात लावत नाही. पाण्यात बोटीशेजारी धरून बघा, सरळ तरंगत असेल तर सोडा. वेग ताशी १ ते १.५ मैल. गांडुळं शीतपेटीत, पण बर्फावर थेट नकोत.

पाणी तापलं, मासा भुकेला झाला की हलके धातूचे चमचे आणि ताशी २ ते २.५ मैल किंवा थोडा जास्त वेग. हे चमचे स्वतःहून खोल जात नाहीत, त्यांना डिप्सी डायव्हर नावाची थाळी खाली नेते. तिच्या तळाच्या चकतीवर आकडे असतात. शून्याला थाळी सरळ मागे आणि सगळ्यात खोल जाते, ३ला बाजूला फाकते आणि कमी खोल जाते. एका बाजूला १ आणि ३ अशा दोन लावल्या तर दोऱ्या गुंतत नाहीत. आणखी बाजूला न्यायच्या दोऱ्यांना प्लेनर बोर्ड, म्हणजे तरंगती फळी, लावतात. बोर्ड एकदम मागे पडायला लागला की समजावं, काहीतरी लागलंय. दोरी मोजणारं रीळ इथे चैन नव्हे, गरज आहे. सुरुवातीला प्रत्येक दोरी वेगळ्या लांबीवर सोडा, ज्या लांबीवर दोन मासे आले तिथे बाकीच्या आणा. मासा आमिषासाठी वर बघतो, खाली क्वचित उतरतो. सोनारवर मासे ३५ फुटांवर दिसले तर आमिष ३० वर ठेवा.

आणि वळणं घ्या. सरळ रेषेत मैलोन् मैल जाण्यापेक्षा नागमोडी गेलात तर आतल्या बाजूची आमिषं मंदावून खाली जातात, बाहेरची वेग घेऊन वर येतात. वळणावर कुठल्या बाजूला मासा लागला त्यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळतं. रंगांचं एवढंच सांगतो: स्वच्छ पाण्यात चंदेरी आणि जांभळे, गढूळ पाण्यात पोपटी, नारिंगी, गुलाबी. यापुढचं रंगशास्त्र दुकानदारांच्या सोयीचं आहे.

मासा जवळ आला की जाळं त्याच्यामागे नेऊ नका. जाळं पाण्यात धरून ठेवा आणि माशाला डोक्याकडून त्यात आणा. वॉलआयला खरे दात आहेत, खालच्या जबड्याला बोट लावून उचलायला जाऊ नका.

मर्यादा पूर्ण झाली की गरवणं थांबवा. मग नुसतं पकडून सोडू, असं पुष्कळजण म्हणतात. पण ३०-४० फुटांवरून झपकन वर आणलेल्या माशाची आतली हवेची पिशवी फुगलेली असते. सोडला तरी उन्हाळ्यात त्यातले बरेच मरतात. ती दया नव्हे.

बर्फ आणि सुरी

दोरीत ओवून मासा कोमट पाण्यात बोटीला टांगायची पद्धत उन्हाळ्यात विसरा. शीतपेटीत बर्फ आणि सरोवराचं पाणी मिसळून लगदा करा, मासा आला की सरळ त्यात. घरी नेलेल्या मासळीला वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बर्फात कंजुषी केलेली असते.

पोर्ट क्लिंटनसारख्या गावात मासे साफ करून देणारी दुकानं आहेत, पौंडावर पैसे घेतात. पर्च ढीगभर असतील तर द्याच त्यांना. स्वतः करायचं तर पोट न फाडता पातळ लवचीक सुरी कल्ल्यामागे तिरकी घाला, कण्याला लागली की आडवी वळवून शेपटीपर्यंत न्या, पण शेवटची कातडी तोडू नका. तुकडा उलटा करा आणि मांस-कातडीच्या मधून सुरी सरकवा. बरगड्या काढा. वॉलआयच्या तुकड्यात डोक्याकडच्या अर्ध्या भागात मधोमध बारीक काट्यांची ओळ बोटाला लागते, ती दोन्ही बाजूंनी चीर देऊन काढून टाका. मोठ्या माशाच्या गालांत नाण्याएवढे दोन गोळे असतात, ते कोणालाही देऊ नका.

खाण्याबद्दल नीट सांगायला हवं. १९७० साली पाऱ्यामुळे इथली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती. पुढे कायदे झाले, पाणी सुधारलं. पण मोठ्या, म्हाताऱ्या माशात पारा साठतो आणि तो मांसातच असतो, धुऊन जात नाही. चरबीत साठणारी रसायनं मात्र कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की कमी होतात. आठवड्यात किती वेळा खावं याचं राज्याचं पत्रक आहे. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते जरूर वाचा. खायला पर्च आणि १५ ते २० इंचांचा वॉलआय घ्यावा. शेवाळाच्या दिवसांत आतडी, काळीज वापरू नका, तुकडे नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवा.

सुरमई-पापलेटवर वाढलेली मालवणी मंडळी गोड्या पाण्यातल्या मासळीला नाक मुरडतात. पर्चने त्यांचं मत बदलताना पाहिलंय. गार पाण्यातला मासा, मातकट वास नाही, मांस घट्ट आणि किंचित गोडसर. तुकडे पातळ असल्याने हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून दहा मिनिटंच ठेवा, जास्त ठेवले तर आंबटपणाने मांस भुसभुशीत होतं. बारीक रवा आणि तांदळाचं पीठ, तवा चांगला तापलेला, एका बाजूला दोन मिनिटं. वॉलआयला तेल कमी, म्हणून तो तव्यावर कोरडा पडतो. त्याचं नारळाचं कालवण करा. वाटण, तिखट, कोकम सगळं उकळून चव जमली की मगच तुकडे सोडा, पाच मिनिटांत गॅस बंद, आणि पळी घालून ढवळू नका, पातेलंच हलवा. उरलेले तुकडे गोठवायचे असतील तर पिशवीत पाणी भरून, हवा न ठेवता गोठवा, दिवाळीपर्यंत छान राहतात.